आत्याचा ट्रंक कॉल

चार मे, एकोणीसशे एक्क्याण्णव. कॉलेजच्या कॅशियरने खिडकीतून रोख सहाशे पंचेचाळीस रुपये तिच्या हातावर ठेवले. तिच्यासह कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या चौघांना सुट्टीत संशोधन करायला, नाहीतर काही नवं रचायला ही रक्कम मंजूर झाली होती. एक जण जुन्या दारांचे फोटो काढणार होता. हिने टेलिफोन एक्स्चेंज हा विषय घेतला होता. त्यावर कॅसेटवर एक श्रुतिका करायची होती.

"दारांचे फोटो? कॉलेजला पैसे जड झालेत का?" बाबा म्हणाले. मग त्यांनी रोखठोक सांगितलं, "जूनमध्ये तुझं काम पाहीन. पटलं तर तिसऱ्या वर्षाची फी भरतो. नाहीतर टायपिंग शिकायचं आणि नोकरीला लागायचं."

तिची सगळी भिस्त आत्यावर होती. बाबांच्या या थोरल्या बहिणीने सगळी नोकरी ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे फोन जोडून देण्यात केली. लग्न केलं नाही, दोन खोल्यांत एकटी राहायची. निवृत्त झाली तरी दाराची घंटा वाजली की आतून "बोला!" म्हणायची. हेडफोनच्या पट्टीने तिचे टाळूवरचे केस विरळ झाले होते.

पण टेपरेकॉर्डर समोर येताच आत्या मिठाची गुळणी धरून बसली.

"लोक काय काय बोलायचे, सांग ना."

"या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं. त्याचाच पगार होता, बाई."

आठवडा कोरडा गेला. शेवटी भाचीने शक्कल लढवली. "खरं नको सांगूस. गिऱ्हाईक मी होते, मनाचंच बोलते. तू नुसतं जोड."

हा खेळ आत्याला आवडला. टेपवर घरघर येते म्हणून पंखा बंद केला आणि दोघी घामाने निथळत टेबलाशी बसल्या. आत्याची बोटं आपोआप हवेत वायरी खुपसू लागली.

"हॅलो, मला जरा नंबर..."

"अगं, इतकं गोड कुणी बोलतं का? ट्रंकवर माणूस आधी ओरडतो. ओरड!"

भाची अशी ओरडली की शेजारीण खिडकीतून डोकावली, "काय झालं हो?" दोघींची हसून मुरकुंडी वळली. त्या दुपारी तिला अजून आठवतात, तापलेल्या टेपरेकॉर्डरच्या वासासकट.

मग एकदा, नाटकात तिखटमीठ हवं म्हणून, तिने आवाज जाड केला. "हॅलो, मुलाचा बाप बोलतोय. मुलगी चांगली आहे हो, पण रात्रपाळीला परक्या पुरुषांशी फोनवर बोलते. आमच्याकडे चालायचं नाही."

आत्याचा हात हवेतच थांबला. ड्युटीवरच्या सपाट आवाजात ती म्हणाली, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

"नको," भाची हसत म्हणाली.

"हो. नकोच म्हणाले होते."

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. टेप चालूच होती. "आत्या, मी आपलं उगाच..."

"तुला कसं ठाऊक असणार? कुणालाच नाही. पलीकडे तुझे आजोबा होते, त्यांच्या ऑफिसात. मीच जोडून दिला. लाइन लागली का पाहायला कान लावावाच लागायचा. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, मुलाकडच्यांचा फोन लागलाच नाही गं. मी म्हटलं, लाइन खराब असेल."

भाचीने तेवढं रेकॉर्डिंग पुसायला बटणाकडे हात नेला. आत्याने तिचं मनगट धरलं. "राहू दे. दुसऱ्याचं बोलणं मी कधी बाहेर दिलं नाही. हा कॉल माझा आहे."

जूनमध्ये वर्गात कॅसेट ऐकवली, तेव्हा बाबा शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. "लाइन खराब असेल" या वाक्याला पोरं हसली. बाबा चष्मा काढून पुसत राहिले.

परतताना म्हणाले, "ताईला नोकरीच प्यारी, असं आम्ही समजायचो. मी तर चिडवायचोसुद्धा." बरंच चालून झाल्यावर विचारलं, "फी कधी भरायची असते?" आणि मग, "मला त्याची एक कॉपी दे."

बाबा ती कॉपी एकटे असताना लावायचे. टेप त्या ओरडण्यापाशी आली की बाहेरपर्यंत त्यांचं हसू ऐकू यायचं. आता आत्या नाही, बाबाही नाहीत. कॉपी तिने रेकॉर्डिंगच्या दुकानातून उधारीवर करून घेतली होती. त्या दुकानदाराचे बावीस रुपये अजून द्यायचे आहेत.