दाजींना पास लागत नाही

लोणंदच्या त्या मसाल्याच्या कंपनीत मुंगीसुद्धा पास दाखवल्याशिवाय शिरायची नाही, असा दरारा. टोपी घाला, मास्क लावा, हातात बांगडी नको. आणि गेटवर ही मोठी पाटी: 'तुमची सुरक्षितता, आमची जबाबदारी'. सोनिया रोज त्या पाटीखालून आत जायची, मागं गेट लागायचं आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. संध्याकाळपर्यंत धनाजीचा हात तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

धनाजी म्हणजे तिचा नवरा. चारचौघांत गरीब गाय. घराला आतून कडी लागली की त्याच्या अंगात यायचं. कालवण गार, म्हणून मारलं. कालवण गरम, जीभ भाजली म्हणून मारलं. आणि मारायचा तेही बेतानं, कपड्याखाली झाकेल असं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! आईला सांगावं, तर ती म्हणायची, "बाईच्या जातीनं सोसावं." अलीकडं मात्र त्यानं नवंच काढलं होतं: "कंपनीत यिऊन झिंज्या धरून वढत नेतो का न्हाई बघ."

म्हणून तिनं मनाचा हिय्या करून अर्जुनाला गाठलं. अर्जुना गेटवरचा वॉचमन, तिच्याच माहेरचा, माणदेशातला. तिला आक्का म्हणायचा, तिच्याकडून राखी बांधून घ्यायचा.

"अर्जुना, आमचं मालक आलं तर आत सोडू नगंस."

"कोण, दाजी?" अर्जुना हसायलाच लागला. "आवं आक्का, गावचा जावय गेटवर हुबा करू व्हय? गावात जोड्यानं मारत्याल मला. काय भांडणं झाली का?"

"मारत्यात रं मला."

एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"आक्का, भांड्याला भांडं लागतंयच की."

आता हा अर्जुना वाईट का? मुळीच नाही हो! वाईट असता तर बरं झालं असतं, गप्प तरी बसला असता. पण याला बहिणीचा संसार सावरायची हौस! गेला तो मॅनेजर विष्णुपंतांकडं. विष्णुपंत वाईचे, कुणाचं मोडलेलं जुळवून देण्यात त्यांना भारी धन्यता. दोघांनी डोकी लावून ठरवलं काय, तर धनाजीलाच बोलावून घ्यायचं. कपाळावर हात मारून घ्यावा, अशी अक्कल!

सोनिया पाकिटं भरत होती, तेव्हा साहेबांचा निरोप आला. तिनं केबिनचं दार ढकललं. समोर खुर्चीत धनाजी. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा कप. शेजारी बिस्किटांची बशी घेऊन अर्जुना उभा.

"ये, बस," विष्णुपंत म्हणाले. "तुझी सगळी तक्रार धनाजीरावांच्या कानावर घातली मी. पुन्हा हात उचलणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी."

"चुकलंच सायेब माजं," धनाजी खाली मान घालून म्हणाला.

"झालं तर मग! सोनिया, आज सुट्टी घे. पगार कापणार नाही. जोडीनं घरी जा."

"सायेब, काम हाय. मशिन चालू हाय माजी."

"बाकीच्या बघतील गं!"

"मला न्हाई जायचं ह्यांच्यासंगं!"

तिचा आवाज फाटला होता. पण ऐकतंय कोण? विष्णुपंत समजुतीनं हसले. "रुसल्यात आक्का," अर्जुना म्हणाला.

गेटपाशी धनाजी गाडी काढत होता, तेवढ्यात तिनं बाही वर खेचली आणि आपला दंड अर्जुनाच्या तोंडापुढं धरला. काळानिळा, सुजलेला. अर्जुनाचं हसू मावळलं. त्यानं दंडाकडं पाहिलं, दाजीकडं पाहिलं, आणि मग पायातल्या बुटांकडं.

"आक्का... सायबांनी शबुद घेतलाय न्हवं," तो पुटपुटला आणि त्यानं गेट उघडलं.

ती गाडीवर बसली. न बसून करते काय? धनाजीनं गाडी रस्त्याला लावली. मग मान जराशी मागं वळवून, मायेनं विचारावं तसं म्हणाला, "मारतो म्हणून सांगत फिरतीस व्हय? सायेब मातर लय चांगलं हायती. म्हनलं, कवाबी या, आत यिऊन बसा. उद्यापास्नं रोज येतो."