शीलाचा संत्र्यांचा तास

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते संत्री पाहण्याचं. संध्याकाळी शीलाने शेंदूरजनाघाटहून आलेली संत्री सतरंजीवर ओतली, एक माझ्या हातात दिलं. "नीट पाहा अन् ढिगात टाका. मंग तेच काहाडून दाखवा."

"खायचं का पाहायचं?"

"पाहायचं. उद्या वर्गात पोरायले हेच करायले लावतो. तुमाले जमलं तं त्यायले जमते."

मी पाहिलं, टाकलं, पुन्हा शोधून काढलं. देठापाशी काळा डाग होता, माझ्या नाकावर आहे तसा. तसं सांगितलं तर हसली. संत्री पिशवीत भरून दाराशी ठेवली...

शीला, माझी बायको, अमरावतीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवायची. मी आठवीत शाळा सोडलेली, जन्म गॅरेजात गेला. तिने एम.ए. केलं ते लग्नानंतर. नवा धडा आधी मला सांगायची. मी जांभई दिली की बदलायची.

मेल्यावर लोक माणसाला गोड करतात. शीला गोड नव्हती. स्टाफरूममध्ये भांडायची आणि तेच भांडण घरी येऊन मला ऐकवायची. भांडण एकच, पहिल्या वर्षाला नोट्स लिहून देणं बंद करा. "अवधानाची व्याख्या सबन वर्गाले पाठ हाये, अन् ध्यान एकाचंबी नाही," म्हणायची. विभागप्रमुख म्हणायचे, मुलं गाइड वाचून पास होतात ना, मग झालं. मलाही ते बरोबर वाटायचं. एकदा म्हटलं, "पगार तं तोच हाये, देऊन टाक ना लिहून." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठलो.

वर्षभर मागे लागून तिने एक तास मिळवला होता. प्राचार्य स्वतः मागे बसून पाहणार होते. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षी सगळे धडे असेच, मुलांकडून करवून घेत शिकवायचे. तो तास म्हणजे ही संत्री.

तासाच्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. पिशवी दारातच होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येत होती. कोणी उचलायला लागलं तर मी म्हटलं, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा वर्ग घरी आला, मागे प्राचार्य. सगळे अंगणात उभे, दोघी-तिघी रडत होत्या. रडणाऱ्या माणसांशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. मी सतरंजी टाकली आणि पिशवी ओतली.

"बसा. एकएक घ्या, नीट पाहा, ढिगात टाका. मंग आपलं आपलं शोधा." प्राचार्यांच्याही हातात एक दिलं.

थोड्या वेळाने धारणीकडची एक मुलगी म्हणाली, "काका, हे माहं हाये."

"तुहं काहून? मी पाह्यलं ना ते," शेजारची म्हणाली. दोघींनी एकच संत्रं धरलेलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"माह्याकडं नका पाहू. मॅडमनं मले येवढंच शिकवलं."

धारणीची मुलगी संत्र्याकडे पाहत राहिली. "पण आमी दोघीनंबी नीटच पाह्यलं होतं. मंग असं कसं झालं?"

त्यावर एक बोलला, मग दुसरा, मग सगळेच. अंगणात बाजार भरल्यासारखा गलका झाला. प्राचार्य आपलं संत्रं शोधत होते, त्यांना ते शेवटपर्यंत सापडलं नाही. जाताना म्हणाले, "मॅडमचा तास झाला म्हणायचं." पुढच्या वर्षीचं काय ठरलं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ते सगळे गेल्यावर सतरंजीवर दोन-चार संत्री उरली होती. त्यात डागवालं होतं. मी ते सोललं आणि तिथेच बसून खाल्लं. आंबट होतं.