मानेचा आवाज

“ही बॉडी बदला. अंगाला वास येतोय.”

परीक्षक माईकवर बोलला. हॉल हसला.

बॉडी म्हणजे मी. टेबलावर पालथा. कमरेला पंचा, बाकी उघडा. तोंड टेबलाच्या भोकात. खाली फरशी दिसत होती आणि परीक्षकाचे बूट. बाकी काही नाही.

सकाळी साबण घासघासून कातडी लाल केली होती. तरी घाम फुटला. भीतीचा घाम. तो साबणानं जात नाही.

“दुसरी कुठून आणू सर? हीच आहे,” शेठ म्हणाला. मग कुणाला तरी ओरडला, “अरे, स्प्रे मारो इसपे.”

पाठीवर थंडगार सेंट पडलं. मी दचकलो. परत हसले.

बायको हॉस्पिटलात वारली, तेव्हा वॉर्डातल्या माणसानं विचारलं होतं, “बॉडी कुणाची?” त्यानंतर तो शब्द मी इथंच ऐकला.

उल्हासनगर, कॅम्प दोन. लग्नाचा हॉल. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं मसाजची टेबलं मांडलेली, वर पांढऱ्या चादरी. मसाजची स्पर्धा होती. असलीही स्पर्धा असते हे मला माहीत नव्हतं. अंबरनाथ, बदलापूर, कल्याणची पोरं-पोरी आलेली, कोर्स केलेली, काळे टी-शर्ट घातलेली. समोर खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. मसाज करायला अंग लागतं. आईबाप काय कपडे काढून झोपणार? म्हणून शेठनं आम्हाला आणलं. नाक्यावरचे बिगारी, हमाल, झाडूवाली बाई. आणि मी.

मी शेठच्या बिल्डिंगचा वॉचमन. जन्मभर कॅम्प दोनमध्ये हातगाडी ओढली. गुडघे गेले तेव्हा शेठनं गेटवर बसवलं. खोली बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, भाड्याची. गेट सुटलं की खोली सुटली. हे त्याला माहीत, मला माहीत. तो म्हणाला, “काका, संडे को आना. सिर्फ लेटना है.” मी मान हलवली.

पण खरं लिहितो. आणखी एक कारण होतं. बायको गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. पाठ खाजली तर मी दाराच्या चौकटीला घासतो, म्हशीसारखी. वाटलं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवील. म्हाताऱ्या माणसानं असं लिहू नये. पण तसंच होतं.

ती बाळंतिणींना मालीश करायची. बदलापुरातल्या बिल्डिंगींमधून फिरायची. तिची एक रीत होती, आईकडून आलेली. तेल हातावर चोळायचं, आणि आधी बाळंतिणीच्या तळहातावर आपला तळहात ठेवायचा. गप बसायचं. बाळंतिणीनं हात दाबला, की मग अंगाला हात. नाही दाबला तर त्या दिवशी नुसती बाळाची मालीश करून यायची. एका सासूनं झापलं तिला. “आम्ही बोलावलंय ना तुला? तिला काय विचारत बसतेस?” ही म्हणाली, “अंग तिचंय, आजी.”

इथं कुणी विचारलं नाही. परीक्षकानं नियम वाचून दाखवले. बॉडीनं हलायचं नाही. बॉडीनं बोलायचं नाही. बॉडी ओरडली की स्पर्धकाचे मार्क कट.

पहिली आली ती अंबरनाथची पोरगी. पूजा नाव पुकारलं. वाकून कानात म्हणाली, “काका, दुखलं तरी बोलू नका हां. प्लीज. माझे मार्क जातील.”

नाही बोललो. तिनं खांद्यात कोपर घातला. हातगाडीनं झिजलेला खांदा. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी टेबलाचा पाय धरला, दात आवळले. पोरगी वाईट नव्हती. घाबरलेली होती. मीही घाबरलेला. वरून ती दाबत होती, खालून मी ओरडणं दाबत होतो.

मग परीक्षक स्वतः आला. हातात पेन. माझ्या पाठीवरून पेन ओढत गेला, खडूनं फळ्यावर रेघ मारावी तसा. “हे बघा. मजुराची बॉडी. इथं सगळं जॅम. इथं गाठ. आणि खाली...” पेनच्या टोकानं त्यानं पंचा उचलला.

खुर्च्यांमधून कुणी ओरडलं, “ओ सर, काकांनी चड्डी तरी घातलीय ना?”

हॉल फुटला. मोबाईल वर झाले असतील, मला बूट सोडून काही दिसत नव्हतं. पंचा ओढून घ्यावा तर हलायचं नाही. मी पडून राहिलो. माझ्या वयाला चार माणसं काका म्हणतात, नमस्कार करतात. मी पडून राहिलो. गेट डोळ्यांपुढं होतं. खोली होती.

शेवटचा राउंड मानेचा. आम्हाला उताणं केलं.

“मानेचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे,” परीक्षक म्हणाला. “आवाज तिथं मार्क.”

सलूनमध्ये दाढी झाल्यावर न्हावी मान मोडतो. आम्ही हमाल लोक ती हौसेनं मोडून घ्यायचो. टक झालं की बरं वाटायचं. जितका आवाज मोठा तितकं काम चोख, अशीच आमची समजूत. पण आता माझ्या मानेचा मणका घासलाय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बजावलंय, मान कुणाला फिरवू देऊ नको.

मी म्हणालो, “साहेब, मान नको. डॉक्टरनी नाही सांगितलंय.”

परीक्षकानं माईकवर हात ठेवला. “काका, मार्क तुम्हाला मिळणार आहेत का? मग तुम्ही का बोलताय?”

त्यानं एका पोराला पुढं केलं. पोरगा त्याच्याच क्लासचा. पोरानं विचारलं, “सर, सकाळी करून घेतलं तसंच ना?” सर म्हणाले, “तसंच. फक्त जोरात.” पोरगा त्यांचा, मार्क त्यांचे. मान तेवढी माझी.

पोरानं हनुवटी धरली. दुसरा हात कानाखाली. परीक्षकानं माईक माझ्या मानेजवळ आणला.

टक.

स्पीकरमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. टाळ्या पडल्या.

माझ्या उजव्या हातात मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. मूठ वळायला गेलो, वळेना. बोटं दिसत होती, पण माझी नव्हती. बायको शेवटच्या दुखण्यात होती तेव्हाही मी भ्यालो होतो, पण असा नाही. आता भ्यायलाही दुसरं कुणी नव्हतं सोबत. एकटा माणूस. उजवा हात गेला तर भाकरी कोण थापील? पायजम्याची नाडी कोण बांधील?

“एक्सलंट,” परीक्षक म्हणाला. “फुल मार्क. चला, पुढची बॉडी.”

पुढची बॉडी म्हणजे हिराबाई. आमच्या बिल्डिंगीत झाडू मारते. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या वाडीवरची. साडी नेसूनच झोपवलं होतं तिला, दचकू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून. मान काडीसारखी. पायाची बोटं आवळलेली. मी टेबलावरून तिची बोटंच बघत होतो. पोरानं तिची हनुवटी धरली.

“थांब,” मी म्हणालो.

आवाजच आला नाही. शेठ समोर बसलेला. परत म्हणालो.

“थांब रे! तिला हात लावू नको.”

पोरानं हात मागं घेतला.

“बॉडी बोलतेय कशी?” परीक्षक म्हणाला.

मी डाव्या हातावर रेटा देऊन उठून बसलो. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सोडून दिला. मांडीवर पडला, ओल्या फडक्यासारखा.

“मी माणूस आहे. हा बघ हात. मघाशी चालत होता.”

“नाटक करतोय,” कुणी म्हणालं.

“काका, नीचे उतरो,” शेठ उभा राहिला. “इज्जत मत निकालो मेरी.”

मी शेठकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर गप्प झालो असतो. परीक्षकाला म्हणालो, “उतरतो. टेबल रिकामं करतो. तू झोप इथं. तुझ्या पोराला तुझी मान मोडायला सांग. मागच्या खुर्चीला ऐकू जाईल एवढी. मग दे मार्क.”

तो हसला. पण हात कॉलरकडं गेला त्याचा. झोपला नाही.

हिराबाईनं पट्टी काढली, उठून बसली, पदर डोक्यावर घेतला. “मला पन नाय झोपायचं. घरी पोरं हायेत माझी.”

“कल से गेट पे मत आना,” शेठ म्हणाला. “दोनों.”

पूजा जवळच उभी होती. मी डाव्या हातानं शर्ट चढवत होतो, बटणं लागत नव्हती. तिनं वर बघितलं नाही. उघडाच शर्ट घेऊन मी जिना उतरलो.

ट्रॉफी त्या पोराला मिळाली. हाताचं म्हणाल तर बोटं हळूहळू आली, अंगठा अजून बधिर आहे. ही अक्षरं त्याच हातानं काढतोय, म्हणून वाकडी. गेट गेलं. खोलीवाला रोज दारात येऊन उभा राहतो. मी भितो. पडल्या पडल्या कुशीवर वळायला भितो. मागून पावलं वाजली तरी मान आखडते. हे काही जायचं नाही.

पुढची स्पर्धा अंबरनाथला आहे. तोच परीक्षक. माणसं नाक्यावरनंच उचलतील. म्हणून मी रोज सकाळी नाक्यावर जातो. मला काम कोण देतंय, पण जातो. एकेकाला सांगतो. दुखलं की ओरडा. गप बसायचा नियम सांगितला, की उठून बसा. आपल्याच चेल्याला मार्क देणारा दिसला, की उठून बसा. काही हसतात. म्हणतात, “म्हातारा सरकलाय.” काही ऐकतात.

त्या दिवशी मी अंबरनाथच्या हॉलच्या दारात उभा असणार. हिराबाई येते म्हणालीय. मारतील, ढकलतील, पोलीस बोलावतील. भीती वाटेल मला, हे आत्ताच माहीत आहे. वाटू दे. अंग आमचं आहे. मार्क देणारा त्या टेबलावर स्वतः झोपल्याशिवाय आमच्यातल्या एकालाही मी त्यावर चढू देणार नाही.