गुलाबरावांच्या मेंदूतले ठिपके

गुलाबरावांनी चौतीस वर्षं फॅक्टरीत एकच काम केलं, दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायचं. धातूच्या तुकड्यावर बारीकसा डाग दिसला की लाल खडूने फुली मारायची आणि तुकडा बाजूला टाकायचा. डाग कशाचा, किती खोल, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी खोड गेली नाही. बायकोने, लताबाईंनी, आणलेल्या भेंड्यासुद्धा ते खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघत.

अशा माणसाच्या हाती त्याच्याच मेंदूचा रिपोर्ट पडला, मग काय विचारता!

झालं असं, की आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, कमानिया गेटपाशी स्कूटर घसरून डोकं आपटलं. दोन दिवस जड वाटत राहिलं म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्ट आणायला गुलाबराव एकटेच गेले आणि पाकीट तिथेच फोडलं. मार लागल्याची खूण कुठेच नाही, असं पहिल्याच ओळीत होतं. पण नजर गेली ती खाली. मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बारीक ठिपके. पुढे 'वयानुसार असू शकतात' असंही लिहिलं होतं, ते त्यांनी वाचून न वाचल्यासारखं केलं. डाग तो डाग. त्यांनी मनातल्या मनात स्वतःवर फुली मारली.

थोरले भाऊ दयाराम शेवटी शेवटी बायकोचं नावसुद्धा विसरले होते. आता आपली पाळी, असं गुलाबरावांनी धरूनच टाकलं. पाकीट कपाटात कोटाखाली गेलं. डॉक्टरांकडे परत जायचं नाव नाही. सकाळी न्हाणीघरात ते पाढे म्हणून बघत. सतरा आठेला अडखळले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सतरा आठे मला आजही येत नाहीत, पण त्यांना कोण सांगणार!

खरी धास्ती वेगळीच होती. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने अधारताल वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जाई आणि बावीस वर्षं ते वाचन गुलाबरावांकडे होतं. भर सभेत आपण तीच ती ओळ पुन्हा वाचत बसलो तर? आषाढी पौर्णिमेला चार दिवस उरले असताना त्यांनी शेजारच्या पुंडलिकला फोन करून सांगून टाकलं, "यंदा तू वाच."

पुंडलिकने लताबाईंना गाठून कारण विचारलं. रिपोर्ट यांनी अजून दाखवलाच नाही, हे लताबाईंना तेव्हा आठवलं; घरी येऊन त्यांनी कपाट उपसलं आणि कोटाखालचं पाकीट काढलं.

"हे काय होय? दहा दिवस झाले! मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय होते, लता? मी कामातून गेलो."

"हे तुमी ठरवून राहिले? उठा. ऑटो बोलावते."

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली.

"चाचाजी, आप गिरे, स्कैन हुआ, इसलिए ये दिख गए. इस उम्र में बहुतों के निकलते हैं. न ट्यूमर है, न लकवा."

"याददाश्त?" गुलाबरावांनी विचारलं.

"इतने से कुछ तय नहीं होता. बारीक नसों पर बीपी का असर है. बढ़ने न देना अपने हाथ में है." बोलता बोलता त्यांनी दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे अठ्ठ्याहत्तरवर थांबला. "गोली तो रोज ले रहे हैं ना?"

"घेतात जी," लताबाई म्हणाल्या. "मीच देते, चहाच्या बशीत."

गुलाबराव पुटपुटले, "होळीपासून बंद केली. बरं वाटत होतं."

"वही एक चीज़ छोड़ दी आपने," डॉक्टर म्हणाले. "आज से फिर शुरू."

लताबाईंचा चेहरा उतरला, मग तापला. "दहा दिवस मरायची तयारी करून राहिले! वाचन देऊन टाकलं! अन् चार महिने माझ्या हातची गोळी मोरीत?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

गुलाबरावांना मान वर करवेना. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

लताबाईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. "गिळा. तोंड उघडा. जीभ वर करा."

डॉक्टरांसमोर गुलाबरावांनी जीभ वर केली.

"आता पुंडलिकले फोन लावा. वाचन तुमीच करा म्हणते मी."

गुलाबरावांनी खिशातून फोन काढला. पुंडलिकचा नंबर त्यांनी आठवणीतूनच लावला, एकाही आकड्याला न अडखळता.