हात मागे बांधलेला जॉबर

सोलापूरच्या त्या कापड गिरणीत तिप्पण्णा जॉबरच्या शिव्या ऐकू आल्या नाहीत, तर माग बंद आहेत असं खुशाल समजावं. माग बिघडला की तो विणकराला बाजूला ढकलायचा आणि त्याच्याकडे पाठ करून दुरुस्ती उरकायचा. पाठ मुद्दाम करायची. विणकर बघून शिकला, तर जॉबर कशाला हवा?

त्र्याहत्तर साली होटगीकर नावाचे नवे मास्तर गिरणीच्या विणाई खात्याचे मुख्य झाले आणि तिप्पण्णाची झोप उडाली. मास्तर म्हणाले, "तिप्पण्णा, यापुढे हात मागे बांधून उभे राहा. विणकराला नुसतं विचारा. त्याचं त्याला सापडू द्या."

हा केसानं गळा कापतोय, तिप्पण्णाच्या मनानं घेतलं. विणकर तयार झाले की आपल्याला घरी बसवणार.

"मास्तर चांगलाबी असंल की," बायको चंद्रव्वा म्हणाली.

"चांगला असता तर मास्तर झाला असता व्हय?"

दुसऱ्याच दिवशी संगप्पा विणकराचा माग अडला. आडवा धागा नेणारा धोटा निम्म्यातच अडकत होता. उजवीकडचा पट्टा सैल पडलाय, हे तिप्पण्णाला नुसत्या आवाजावरून कळलं. मास्तर शेजारीच उभे होते. संगप्पा फसला, की त्यांचं खूळ आजच उतरेल. तिप्पण्णानं हात मागे बांधले.

"संगप्पा, बाबा, डावीकडं काय दिसतंय बघ की."

बाबा? संगप्पा चरकला. क्षणभर त्यानं जॉबरकडे रोखून पाहिलं, मग उजवीकडे हात घातला, चाचपला आणि पट्टा आवळला. माग धडधडत सुरू झाला.

"वा, तिप्पण्णा!" मास्तर खूश झाले. "बाकीच्या जॉबरांनाही आता तुम्हीच शिकवा."

नोकरी वाचली, तरी तिप्पण्णाच्या मनातली पाल चुकचुकतच होती. पाळी सुटल्यावर फाटकाशी संगप्पा वाकून त्याच्या पाया पडला.

"मामा, पैल्यांदाच माझ्या हातानं माग चालला. लई उपकार झालं."

हा थट्टा करतोय की काय? तिप्पण्णानं त्याचा चेहरा निरखला. थट्टा नव्हती, डोळे भरून आले होते.

"मी डावीकडं म्हनलो, तर तू उजवीकडं का बघितलंस?"

"तुमी डावीकडं म्हनला म्हनूनच की," संगप्पा सरळ मनानं म्हणाला. "तुमी आमाला खरं कदी सांगितलंय व्हय, मामा?"

तिप्पण्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तो खरंच विचारू लागला, खरंच दाखवू लागला. विणकर मात्र पुढे कितीतरी महिने त्यानं बोट दाखवलं, की आधी उलट्या बाजूला बघायचे.