सासऱ्यांचा तवा

हसायचं तर इथेच हसून घ्या. आमच्या घरी चहाला आलात तर हा विषय काढू नका, बायकोसमोर तर नाहीच.

मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये समुद्र पाळतो. म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तळाला वाळू, वर दगड आणि आत एक गोबी मासा. बोटाएवढा, पिवळा, कायम डोळे वटारलेला. नाशकात समुद्र कुठला? पिशवीतलं मीठ कालवून तोही मीच बनवतो. बायको म्हणते, माझ्या माणसांची एवढी काळजी कधी घेतली नाहीत!

श्रावणात सासरे आले, सुरगाण्याहून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. लेकीने वर्षभर विनवण्या केल्या तेव्हा कुठे तयार झाले होते. मी कौतुकाने त्यांना टाकीपुढे बसवलं. काचेला नाक लावून म्हणाले, "कुठं हाय मासा?" मी बोट दाखवलं. "एवढासाच? तळला तर एक घास बी व्हायचा नाय." सगळे हसलो. मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यात जाऊन बसलं ना!

दुसऱ्या दिवशी अंबडहून शिफ्ट संपवून आलो तर टाकीत मासा नाही. झाकण थोडं सरकलेलं. हे मासे उडी मारतात, म्हणून सोफ्याखाली पालथा पडून शोधलं, टाकीमागे बॅटरी मारली. काही नाही. बायको कामावर. घरात एकटे मामा, म्हणजे सासरे, बाल्कनीत तंबाखू मळत बसलेले. आणि घरभर तळणाचा वास!

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मामा, जेवलात का, काय केलंत? बटाट्याचे काप केले म्हणाले. आता 'बरं' म्हणून गप्प बसावं की नाही माणसाने? मी स्वयंपाकघरात गेलो, ओट्यावरचा तवा उचलला आणि हुंगला.

वळून पाहतो तर मामा दारात.

"श्रावण हाय, जावईबापू," एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. पिशवी भरली आणि बायको यायच्या आत सुरगाण्याची गाडी धरली. मी अडवलं का? हातात तवा घेऊन काय अडवणार!

बघा तरी माझी अक्कल. ज्या माणसाला मासा धड दिसत नव्हता, त्याने तो पाण्यातून पकडून, साफ करून, तळून खाल्ला. तोही श्रावणात!

संध्याकाळी बायको टाकीसमोर डोकं धरून बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत दगडाखालची वाळू हलली आणि गोबी बाहेर आला. बिळात पडून होता. हे मासे वाळूत बीळ करतात, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

मी फोनवर माफी मागितली. ऑपरेशनची दुसरी तारीख घेतो म्हटलं. मामा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दिसलं तेवढं लय झालं."

दिवाळी गेली, ते आले नाहीत. डोळा तसाच आहे. लाज वाटते हो. मासा मात्र ठणठणीत. बायकोही माझ्याशी बोलते, तसं काही नाही. फक्त घरात काप केले की तवा घासायच्या आधी माझ्यापुढे आणून ठेवते आणि हाताची घडी घालून उभी राहते.

मी हुंगतो.