शेंदरी इंजिन आणि पाचवी सुपारी

काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या कानात स्क्रूड्रायव्हर होता. अगदी आत नव्हे हो! हातभर लांब स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवलेली, टोक माझ्या बॉयलरवर, डोळे मिटलेले. मी ब्रिस्टलमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता, बॉयलर खडखडत होता, आणि शेजारचे मराठी काका काही न विचारता स्वयंपाकघरात शिरले होते.

"पंप बिघडलाय का?" मी विचारलं.

"आधी ऐक, मग बोल," काका म्हणाले आणि मूठ माझ्या कानामागे टेकवली. आत खरंच कोणीतरी खडे चाळत होतं. "पंपाचं बेअरिंग. बॉयलर बदला म्हणून सांगायला येईल एखादा, त्याला चहासुद्धा देऊ नकोस."

हा स्क्रूड्रायव्हर ते सगळ्यांना लावत. माझ्या वॉशिंग मशीनला, बसस्टॉपवर थांबलेल्या कोणाच्याही गाडीला, आणि एकदा तर झोपलेल्या मांजराला. तुम्हीही त्या गल्लीत राहिला असतात तर तुमचा फ्रीज सुटला नसता. मूळचे कोल्हापूरचे, पस्तीस वर्षं इथल्या कारखान्यात विमानांची इंजिनं तपासून निवृत्त झालेले. मला ते शेवटपर्यंत 'पुणेकरीण' म्हणाले, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बारीकसा गुन्हा उघडकीस आणल्यासारखं म्हणाले.

बॉयलर धड झाला आणि बक्षीस म्हणून मला त्यांच्या गॅरेजमध्ये प्रवेश मिळाला. आत गाडी नव्हती. लोखंडी घोडीवर एक अजस्र इंजिन बसलं होतं, शेंदरी रंगाचं. अमेरिकेत साठच्या दशकात दांडगट गाड्यांची चढाओढ लागली होती, तेव्हाचं हे 'हेमी'. आठ सिलिंडर, चारशे सव्वीस घन इंच, डोक्यावर दोन कार्ब्युरेटर. सिलिंडरची डोकी आतून अर्ध्या नारळाच्या वाटीसारखी गोल, म्हणून हेमी, म्हणजे अर्धगोल. तेव्हाही मोजकीच बनवली होती. एका गोऱ्या मित्राच्या कोठारात हे सुटं होऊन खोक्यांमध्ये पडलं होतं, आणि काका गेली अकरा वर्षं ते जोडत होते. स्वतः मात्र ते एक चिमुकली हॅचबॅक ताशी अठ्ठावीस मैलांनी चालवायचे, आणि मागे रांग लागली की म्हणायचे, "लोकांना फार घाई."

"पण काका, या इंजिनाची गाडी कुठंय?" मी विचारलं.

"गणपतीपुढे उभं राहून विचारतेस का, उंदीर कुठंय?"

मी नमस्कार केला. काकू मागून म्हणाल्या, "कर, कर. या घरात मला नसेल एवढा मान याला आहे."

त्या वर्षी अमेरिकेहून शेवटचं गॅस्केट आलं आणि काकांनी जाहीर केलं, की दसऱ्याला इंजिन चालू होणार. सगळ्या गल्लीत ते स्वतः फिरले. प्रत्येक दार वाजवून सांगायचे, "ट्यूजडे मॉर्निंग, व्हेरी लाउड, फाइव्ह मिनिट्स," आणि हातात चकल्यांची पिशवी ठेवायचे. कौन्सिलकडे तक्रार करायची तर चकली खाऊन कशी करणार, असा हिशेब. मी शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली होते. ते इंजिन हातानं फिरवायचे, प्रत्येक सिलिंडरच्या दोन झडपा उघडणाऱ्या टॅपेटमधली फट पातळ पट्टीनं मोजायचे आणि मला समजावायचे. "फट जास्त झाली की टिकटिक येते. बारीक असते. मोठ्या आवाजाखाली लपते. ती ज्याला ऐकू येते तो मेकॅनिक, बाकीचे नुसते ड्रायव्हर."

त्याच आठवड्यात मी काकूंकडे डबा द्यायला गेले. काका गॅसशेजारी पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून दोन हातांवर कुकर शिट्ट्या देत होता. चौथी झाली, पाचवी झाली. मी म्हणणार तेवढ्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. शांतपणे येऊन गॅस बंद केला आणि मला पॅसेजमध्ये ओढलं.

"बोलू नकोस. यांना वाटतं मला ठाऊक नाही."

म्हणजे ते 'तुम्ही पुणेकर तोंडातल्या तोंडात बोलता' म्हणून मला दिवसातून तीनदा ऐकवायचे, ते हे होतं तर! मला आधी रागच आला. मग काकूंनी बाकीचं सांगितलं. ग्लासगोला डॉक्टर असलेली मुलगी दोघांना तिकडे बोलावत होती. तिच्याशी वाद घालताना काकाच एकदा तोऱ्यात म्हणून बसले होते, "ज्या दिवशी मला ऐकू येणार नाही त्या दिवशी इंजिन विकीन आणि येईन." आता बारीक आवाज गेले होते, जाडेभरडे तेवढे उरले होते. "इंजिन एकदा चालू होऊ दे गं," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं थांबलेत. आधी पकडले गेले तर शब्दाला जागतील, मला माहितीये."

खंडेनवमीला काकूंनी इंजिनाची साग्रसंगीत पूजा मांडली. हळदकुंकू, अक्षता, सुपरमार्केटमधल्या झेंडूची माळ. हत्यारं रांगेनं पाटावर, मधोमध तो स्क्रूड्रायव्हर. नवमीला हत्याराला हात लावायचा नाही हा काकूंचा नियम, त्यामुळे काका दिवसभर नुसते येरझाऱ्या घालत होते. काकूंनी पाच विडे मांडले. इंजिनावर सपाट जागा कुठे असते? कार्ब्युरेटरची वरची झाकणं काकांनी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. तिथली गोल भोकं काकूंना विडे मांडायला अगदी मापाची वाटली. वर पान, पानावर सुपारी.

दसऱ्याच्या सकाळी काका नवा शर्ट घालून आले. गॅरेजचं दार उघडलं, पेट्रोलचा डबा जोडला, बॅटरी जोडली. पानं-फुलं दोन्ही हातांनी उचलून काकूंच्या ताटात ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बटणाकडे वळले. काकू ताट नीट लावत होत्या. एकदम थांबल्या.

"चारच आहेत," त्या म्हणाल्या. "सुपाऱ्या."

पाचवं पान रात्रीत मऊ पडून आत वाकलं होतं. सुपारी कुठे गेली हे कळायला मेकॅनिक असायला नको. दगडासारखी सुपारी इंजिनाच्या पोटात, आणि काकांचं बोट बटणावर!

"काका, थांबा!" मी ओरडले. काका वाकून मीटर बघत होते. "अहो!" काकू ओरडल्या. लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत एवढ्या मोठ्यानं ओरडल्या नसतील. मी पूजेची घंटा उचलून बडवली. समोरच्या घरातली बाई खिडकीत आली, पण काका वळले नाहीत. शेवटी हाताला लागली ती झेंडूची ओली माळ मी जीव खाऊन फेकली. जन्मात कधी नेम लागला नव्हता माझा. माळ बरोबर त्यांच्या गळ्यात पडली.

बटणावरचं बोट निघालं. काका वळले, माळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं भवाने, हे काय?"

काकूंनी ताट पुढे धरलं. चार सुपाऱ्या. दुसऱ्या हाताची पाच बोटं. काकांना एका क्षणात कळलं. टॉर्च घेऊन ते कार्ब्युरेटरमध्ये वाकले. आतल्या झडपेवर सुपारी आरामात बसली होती. लांब चिमट्यानं त्यांनी ती काढली, शर्टाला पुसली आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवली.

"ओरडलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घंटा?"

"वाजवली. समोरचीला ऐकू आली."

एवढा बोलघेवडा माणूस, गळ्यात माळ घालून तळहातावरच्या सुपारीकडे बघत होता. मला इतकं वाईट वाटलं, की सुपारी सापडली नसती तर बरं असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं. मग त्यांनी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या हातात दिला.

"तू ऐक," ते म्हणाले. "मी बोलतो."

त्यांनी बटण दाबलं. काय सांगू! आधी एक खोकला, मग असा दणका, की फळीवरचे रंगाचे डबे खाली आले आणि काकूंनी ताट टाकून माझा दंड पकडला. काकांनी घोडीवर तळहात ठेवला होता आणि ते लहान मुलासारखे हसत होते. तेवढं त्यांना ऐकू येत होतं. मी मूठ कानामागे टेकवून एकेक जागा तपासली. उजवीकडे पुढून तिसऱ्या जागी होती ती, बारीक टिकटिक. मी तीन बोटं दाखवली. त्यांनी इंजिन बंद केलं, झाकण काढलं, फट मोजली आणि माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे गं, पुणेकरीण." अर्ध्या तासानं पुन्हा चालू केलं तेव्हा टिकटिक गेली होती. "गेली!" मी त्यांच्या कानाशी ओरडले. त्यांनी माळ काढून इंजिनाला घातली.

संध्याकाळी ग्लासगोचा फोन आला. काकांनी रिसीव्हरकडे हात केला, खरं सांगायलाच. काकूंनी तो आधी उचलला. "तुझ्या बाबांना टॅपेटसुद्धा ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "नाही, विकत नाही. कान यांचे असतील, गॅरेज माझं आहे."

त्यानंतर आणखी तीन दसरे झाले. चौथ्याच्या आधी, एका साध्या गुरुवारी, पेपर वाचता वाचता काका गेले. काकू ग्लासगोला जायला निघाल्या तेव्हा इंजिन घ्यायला एक सभ्य इंग्रज माणूस व्हॅन घेऊन आला. चालू करून दाखवाल का, असं त्यानं नम्रपणे विचारलं. मी बटण दाबलं. डबे आता फळीवर नव्हते. मी मूठ कानामागे टेकवली आणि सोळाही टॅपेटच्या जागा सावकाश ऐकल्या. मग सवयीनं घोडीकडे वळले. तिथे तो इंग्रज उभा होता.

"टिकटिक नाहीये, काका," मी पुटपुटले.

"अगं," दारातून काकू म्हणाल्या, "मोठ्यानं सांग."